मूर्तिजापुरात सापडलेला तिबेट

नोकरीत काय केलंत, असं कोणी विचारलं की मी "कॉलेजात होते" एवढंच सांगते आणि विषय बदलते. खरं उत्तर एकदा एका हळदीकुंकवाला देऊन पाहिलं होतं. "आंतरराष्ट्रीय सुरक्षेचा अभ्यास," असं मी म्हटल्यावर शेजारच्या बाईंनी वाटीतला हरभरा चघळत मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे पोलिसांत?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. छप्पन साली अमरावतीत असं काही चालतं, यावर माझ्या वकील वडिलांचाही विश्वास बसला नव्हता. विद्यापीठानं आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाच्या माडीवर दोन खोल्या दिल्या होत्या आणि बाहेर पाटी लावली होती, 'परराष्ट्र व संरक्षण प्रश्न अभ्यास केंद्र'. पाटी खोल्यांपेक्षा मोठी होती. आत आम्ही तिघं. डॉ. असनारे हे प्रमुख. विलायतेत शिकून आलेले, पण धोतर आणि बंद गळ्याचा कोट सोडला नाही. बाबाराव हे टंकलेखक. आणि राज्यशास्त्रात एम.ए. झालेली मी, संशोधन साहाय्यक.

आमचं काम काय होतं ते सांगते. दिल्ली-मुंबईची वर्तमानपत्रं टपालानं दोन-तीन दिवस उशिरा येत. ती वाचायची, कात्रणं कापायची, खळीनं चिकटवून विषयवार ठेवायची. तह, करार, संसदेतली भाषणं, जुने सरकारी अहवाल चाळायचे. मग एक प्रश्न घ्यायचा: कोणत्या देशाला कोणाकडून, कशाचा आणि किती लवकर धोका होऊ शकतो. त्यावर निबंध लिहायचा आणि तो चार ठिकाणी पाठवायचा. चारांपैकी तीन ठिकाणांहून पोच येत नसे. असनारे सरांना त्याचं काही वाटत नसे. "आपण ज्योतिषी नाही," ते म्हणत, "आपलं काम प्रश्न नीट विचारायचं."

हे त्यांचं तत्त्व पहिल्यांदा कसाला लागलं ते माझ्या पहिल्याच हिवाळ्यात. सुवेझ कालव्यावरून लढाई पेटली होती. एके दिवशी दुपारी भातकुलीकडचे एक शेतकरी जिना चढून वर आले. डोक्याला पांढरा रुमाल, हातात वहाणा. कापूस घरात भरून ठेवला होता आणि लढाई वाढली तर भाव चढेल की जहाजं अडकून तो पडेल, हे त्यांना कोणाला तरी विचारायचं होतं. कोणीतरी त्यांना आमची पाटी दाखवली होती.

सरांनी त्यांना खुर्ची दिली, नकाशा काढला, कालवा दाखवला, आफ्रिकेला वळसा घालून जहाज कसं येतं ते समजावलं. तासभर. शेतकऱ्यानं सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "ते समदं समजलं. पन लढाई वाढून राहिली का थांबून राहिली, ते सांगा."

"ते मला माहीत नाही," सर म्हणाले.

"मंग तुमी इथं दिवसभर करता काय?"

बाबारावांनी टंकयंत्रावर मान खाली घातली. सर मात्र गंभीरपणे म्हणाले, "हाच प्रश्न मीही स्वतःला विचारतो." पाहुणे चहा पिऊन गेले. कापूस विकला की ठेवला ते कळलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. एकोणसाठ साली तिबेटचे धर्मगुरू भारतात आले आणि त्याच वर्षी सरहद्दीवर चकमकी झाल्या. आमच्या केंद्रात एकाएकी एकच विषय उरला. पण त्या भागाचे बारकाईचे नकाशे आम्हाला मिळेनात, मागितले की नकार येई. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशाची गुंडाळी आणि इंग्रजांच्या वेळची चार पुस्तकं, एवढ्यावर आम्ही हिमालयाचा अभ्यास करत होतो.

त्या थंडीत अकोल्याच्या एका सभागृहात सरांचं व्याख्यान झालं. मी टिपणं घेऊन पुढच्या रांगेत बसले होते. सर म्हणाले, वर्षातले निदान पाच-सहा महिने हिमालयातल्या खिंडी बर्फानं बंद असतात, तेव्हा निसर्गानंच आपल्या उत्तरेला भिंत बांधली आहे. टाळ्या पडल्या. व्याख्यान संपल्यावर मागच्या बाजूनं एक उंच, काटकुळे गृहस्थ उठले. साठीच्या आसपासचे. डोक्यावर लोकरीची कानटोपी. अकोल्यात तशी टोपी घालण्याइतकी थंडी कधीच नसते, म्हणून ती माझ्या लक्षात राहिली.

"साहेब, भिंत हाय ते बराबर. पन बरफ आपल्या अंगाले पडते. पलीकडं कोरडं असते. दार बंद होते ते आपल्याकून, त्यायच्याकून नाही."

लोक हसले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि आभाराला सुरुवात केली. आभार संपेपर्यंत ते गृहस्थ गाडीची वेळ झाली म्हणून निघूनही गेले होते.

परतीच्या गाडीत सर माझी टिपणं उलटसुलट चाळत होते. बडनेऱ्याला उतरताना म्हणाले, "सुमनबाई, मी पुस्तकं वाचून बोललो. तो माणूस पाहून बोलला. त्याला शोधून काढा."

आठ दिवसांत शोध लागला. सभागृहाच्या चिटणिसांना ते माहीत होते. गुलाबराव वानखडे, राहणार मूर्तिजापूर, तार खात्यातून निवृत्त. सगळे त्यांना तारमास्तर म्हणत. पुढच्या रविवारी मी बडनेऱ्याहून गाडीनं मूर्तिजापूरला गेले. स्टेशनपासून जवळच त्यांचं साधं घर होतं. ते ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते.

मी कोण ते सांगितलं. त्यांनी शेंगांवरून नजर काढली नाही. "तुमच्या साहेबानं पाठवलं काय? रागावले काय ते?"

"नाही. तुम्ही बोललात ते खरं आहे का, ते विचारायला पाठवलंय."

"खरं नसतं तर बोललो असतो काहून?"

मग त्यांनी बायकोला चहा ठेवायला सांगितलं, आणि मला पुढची दोन वर्षं पुरेल एवढं काम मिळालं.

इंग्रजांच्या वेळेपासून तिबेटात आपलं टपाल आणि तार खातं होतं. सिक्कीमच्या वरून खिंड ओलांडून तार थेट ग्यांत्सेपर्यंत जाई. पंचावन्न साली ते सगळं चीनच्या स्वाधीन केलं, तोपर्यंत आपली माणसं तिथे नोकरी करत होती. वानखडे त्यांतले एक. तिकडच्या बदलीवर कोणी जायला तयार नव्हतं, यांनी हात वर केला. "काहून ते मले आजवर नाही समजलं," ते म्हणाले. "मूर्तिजापुरात उनानं जीव जात होता, तेवढंच कारन असंन." नऊ वर्षं राहिले.

मी महिन्यातून दोन रविवार जात असे. त्यांच्या बोलण्याला क्रम नव्हता. तारेचे खांब तिकडे टिकत नसत, कारण पठारावर झाड नाही, आणि कोरडं लाकूड दिसलं की माणसं चुलीला नेत. याक खांबाला अंग घासत आणि तार सैल होई. थंडीत तारयंत्राच्या बॅटरीचे सेल थिजत, म्हणून ते घोंगडीत गुंडाळून शेगडीजवळ ठेवावे लागत. "पोरापेक्षा जास्त जपलं म्या त्यायले," असं ते म्हणाले तेव्हा त्यांच्या बायकोनं आतून सांगितलं, "खरं हाय ते. पोरं म्याच जपली." त्यांनी मला तिबेटी आकडे शिकवले: चिक, न्यी, सुम. सुम म्हणजे तीन. त्या दिवसापासून माझं नाव त्यांच्याकडे 'तीन नंबरची बाई' झालं.

आणि रस्ता. रस्त्याबद्दल ते बोलू लागले की सगळं एकदम स्पष्ट होई. खडूनं त्यांनी ओट्यावर एक चढ काढला. आपल्या बाजूनं उभा, दाट जंगलाचा, वर्षभर ओला. माल खेचरांच्या नाहीतर माणसांच्या पाठीवरून चढणार. पाऊस पडला की वाट घसरते, थंडीत वर बर्फ साचतं आणि वाट बंद. पलीकडे मात्र खिंड उतरली की थोड्याच चालीवर सपाट पठार. थंडी इतकी की श्वास मिशीवर गोठतो, पण ढग आपल्या बाजूलाच रिकामे झालेले असतात, म्हणून तिकडे बर्फ कमी. "मी निंगालो तवा चिन्यायची सडक बांधनारी मानसं येऊन राहिली होती," ते म्हणाले. "एकदा सडक झाली का तिकडून मोटर येते. आपल्याकून खेचर जाते. आता सांगा, भिंत कोनाची?"

एका माणसाच्या सांगण्याला आमच्या धंद्यात पुरावा म्हणत नाहीत. निदान दोन वेगळ्या ठिकाणांहून दुजोरा लागतो. मी ग्रंथालयात बसले. जुन्या अहवालांत दोन्ही बाजूंच्या ठाण्यांवरच्या पावसाच्या नोंदी सापडल्या. इकडच्या ठाण्यांसमोर तिकडचे आकडे अगदी किरकोळ होते. मग एका इंग्रज अधिकाऱ्याच्या प्रवासवर्णनात हेच वर्णन मिळालं. तारमास्तर तंतोतंत बरोबर होते. त्या दुपारी मी धावत माडी चढले. सरांनी नोंदी पाहिल्या, चष्मा काढला आणि म्हणाले, "अकोल्यात टाळ्या माझ्या वाक्याला पडल्या होत्या. ते चुकीचं होतं तरी." मग ते त्या शाळेच्या नकाशासमोर गेले आणि खिंडीची जागा बोटानं शोधू लागले.

त्यावरून निबंध तयार झाला. विषय मोठा होता, सरहद्दीवरच्या व्यापाराच्या वाटांचा, पण त्यातली चार पानं या दोन उतारांची होती. एकसष्टच्या हिवाळ्यात दिल्लीत एक परिसंवाद होता. सर आजारी पडले आणि निबंध मी वाचावा असं ठरलं. माझी ती पहिलीच दिल्ली.

निघायच्या आधी सरांनी मला घरी बोलावलं. ते अंथरुणात बसले होते. "निबंध तुम्ही वाचणार. तारमास्तरांची चार पानं ठेवायची की वगळायची, ते तुम्ही ठरवा. तिथं त्यावर प्रश्न येतील."

मी म्हटलं, "वगळू या."

"कारण?"

"पुरावा अपुरा वाटतो."

 पुरावा पुरेसा होता, हे सरांना माहीत होतं आणि मलाही. खरं कारण वेगळं होतं. दिल्लीत मोठमोठे लोक बसलेले असणार, सगळे पुरुष, त्यांतून कोणी विचारणार, ही माहिती कोणी दिली. आणि मला उभं राहून सांगावं लागणार, मूर्तिजापूरच्या एका तारमास्तरानं. ते हसतील, याची मला भीती वाटली. सर एवढंच म्हणाले, "ठीक आहे."

निबंध ठीक झाला. सौम्य टाळ्या मिळाल्या. चहाच्या वेळी सैन्यातून निवृत्त झालेले एक ब्रिगेडियर माझ्याजवळ आले. पिकलेल्या मिशा, बोलणं हळू. त्यांनी विचारलं, पलीकडच्या बाजूच्या हवेबद्दल तुम्हाला काही सापडलं का? आपल्या बाजूचं सगळे बोलतात, तिकडे हिवाळ्यात काय असतं ते मला कोणी सांगत नाही.

 मी म्हटलं, "आमच्याकडे काही टिपणं आहेत."

"मग वाचली का नाहीत?"

 तेवढ्यात त्यांना कोणीतरी बोलावलं. त्यांनी एका कागदावर पत्ता लिहून दिला आणि म्हणाले, "जरूर पाठवा."

अमरावतीला आल्यावर चार पानं बाबारावांकडून नीट टंकून घेतली आणि त्या पत्त्यावर रजिस्टरनं पाठवली. पोच आली नाही. कोणी वाचली की नाही, हे मला आजही माहीत नाही. वाचली असती तर काही बदललं असतं, असंही मी म्हणत नाही. चार पानांनी लढाया थांबत नाहीत. पण ती पानं माझ्या हातात होती आणि विचारणारा माणूस त्याच इमारतीत होता, एवढं मला माहीत आहे.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात युद्ध झालं. आमच्या माडीवर कधी नव्हे ती गर्दी होऊ लागली. वकील, डॉक्टर, शाळामास्तर, सगळे नकाशा पाहायला येत. कॉलेजच्या मुली जवानांसाठी मोजे विणत होत्या. माझ्या आईनं युद्धनिधीला सोन्याची बांगडी दिली. रेडिओवर एकेका ठाण्याचं नाव ऐकू येई आणि सर नकाशावर बोट ठेवत. लढाई तारमास्तरांच्या वाटेवर नव्हती, त्या खिंडीच्या पूर्वेला आणि दूर लडाखला होती. तरी पूर्वेकडून येणाऱ्या बातम्यांत तेच होतं. आपली माणसं उभ्या चढावर सामान वाहून थकलेली, आणि समोरच्यांच्या मागे सडक.

युद्ध थांबल्यावर मी मूर्तिजापूरला गेले. वर्षभर मी तिकडे फिरकले नव्हते. तारमास्तर ओट्यावरच होते. मी बसले आणि सगळं सांगून टाकलं. दिल्ली, चार पानं, ब्रिगेडियर, आणि मला कशाची लाज वाटली ते.

त्यांनी शेजारचा पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "मले वाटलंच होतं, बाई इकडं काहून येत नाही."

"तुम्हाला राग आला का?"

"राग नाही. पन आयक." ते प्रथमच मला एकेरीत बोलले. "फारीले, खिंडीपलीकडच्या तारघरात असताना एक खेचरवाला आला. त्याच्या भावाले तार लावायची होती, खाली. 'वर बरफ पडून राहिलं, निंगू नको' एवढीच. माझ्याकडं साहेब लोकायच्या तारा होत्या पडलेल्या. म्या म्हटलं, पहिले साहेबायच्या. खेचरवाला बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची तार लावली. तवा भाऊ निंगाला होता."

"मग?"

"तो आला नाही. खेचरं सापडली, तो नाही सापडला." त्यांनी कानटोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्या खेचरवाल्यानं मले शिवी बी नाही देल्ली. तवापासून जो पहिले आला त्याची तार पहिले. मंग तो साहेब असो का कोनी असो. साहेब लोकायनं माझी तक्रार केली दोन डाव. म्या आयकलं नाही."

आतून त्यांची पत्नी चहा घेऊन आली. तिनं आमच्या दोघांची तोंडं पाहिली आणि काही न विचारता शेजारी बसली. 

मग मी विचारलं, "ती चार पानं मी आता छापू का? तुमच्या नावानं?"

"माझ्या नावानं काहून? लिहिलं तू."

"पाहिलं तुम्ही."

त्यांनी विचार केला. "छाप. पन पहिले मले वाचून दाखव. तारेत एक अक्षर चुकलं तं मानूस मरते."

चाराची बावीस पानं झाली. प्रत्येक वाक्य मी ओट्यावर बसून मराठीत सांगितलं आणि त्यांनी मान्य केल्यावरच इंग्रजीत ठेवलं. जिथे मी "नेहमी" लिहिलं होतं तिथे त्यांनी "मी पाहिलं तेव्हा" करायला लावलं. लेखकांची नावं पाहून असनारे सर थोडे थबकले. "वानखड्यांचं नाव आधी? आणि पुढे पदवी काय लावायची?"

"काही नको. नुसतं नाव."

"बरं," सर म्हणाले, आणि हस्तलिखितावर सही करून ते स्वतः टपालात टाकायला गेले. हे ते कधीच करत नसत.

लेख चौसष्टमध्ये एका इंग्रजी त्रैमासिकात आला. वर्षा-दीड वर्षानं परदेशातल्या एका विद्यापीठातून केंद्राच्या पत्त्यावर पत्र आलं. वर लिहिलं होतं, प्रोफेसर जी. वानखडे. तिथेही आमच्यासारखंच केंद्र होतं, फक्त आमच्या दोन खोल्या त्यांच्या व्हरांड्यात बसल्या असत्या. प्रोफेसरसाहेबांचा लेख वाचून आम्ही फार प्रभावित झालो, त्यांच्याशी पत्रव्यवहार करता येईल का, अशी विचारणा होती.

मी पत्र घेऊन मूर्तिजापूरला गेले. तारमास्तरांना इंग्रजी वाचता येई, सावकाश, अक्षराला अक्षर लावून. पत्र वाचायला त्यांनी पाव तास घेतला. बायकोला हाक मारून 'प्रोफेसर' हा शब्द दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं कागद हातात घेऊन नीट पाहिला.

"उत्तर काय लिहू?" मी विचारलं.

"तारेसारखं लिही. कमी शब्दात." त्यांनी डोळे मिटले आणि एकेक शब्द सुटा सांगितला. "पत्र मिळालं. प्रोफेसर नाही. तारमास्तर आहे. प्रश्न असतील तर विचारा."

मी तेवढंच लिहिलं आणि पाठवलं. खरं सांगायचं तर मला वाटलं, आता पुन्हा पत्र येणार नाही. पण महिना-सव्वा महिन्यात लिफाफा आला, आणि या वेळी वर लिहिलं होतं, तारमास्तर जी. वानखडे. आत चौदा प्रश्न होते. वाऱ्याचे, चाऱ्याचे, पाण्याचे, खेचरांच्या नालांचे. ते विचारणारा माणूस तिथे कधी गेला नव्हता, पण त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, हे प्रत्येक ओळीवरून दिसत होतं.

आम्ही तीन रविवार बसलो. अकरा प्रश्नांची उत्तरं त्यांनी दिली, काही एका वाक्यात, काही दोन-दोन पानं. उरलेल्या तिनांवर ते अडले. मी म्हटलं, पुस्तकांत शोधून मी भरते, कोणाला कळणार आहे. त्यांनी माझ्या हातातली लेखणी घेतली आणि आपल्या मोठ्या, तार लिहायच्या अक्षरात त्या तिन्ही प्रश्नांपुढे स्वतः इंग्रजीत लिहिलं: माहीत नाही. मी तिथे गेलो नव्हतो.